देवीच्या पानाचा फोटो

पवना धरणाच्या काठाला सकाळी असं धुकं उतरतं, की तिकोणा गडाचं टोक तेवढं वर उरतं आणि पायथ्याचं तिकोणा पेठ गाव आहे की विरघळलं तेच कळत नाही. गोरखला मात्र हल्ली ते टोक बघवत नव्हतं. घटस्थापनेला गडावरच्या देवीपुढं पहिला दिवा न्यायचा मान त्याच्या घराचा. गुडघे गेल्यावर वडलांनी, बजरंगआबांनी, तो दिवा गोरखच्या हाती दिला, आणि गेल्या साली हा गडी अर्ध्या वाटेत मटकन खाली बसला. दिवा चुलतभाऊ भिमाजीनं वर नेला. यंदा परत तसंच झालं तर मान कायमचा भिमाजीच्या घरी जाणार, असं भावकीत ठरलं होतं. आबांनी शिव्या दिल्या असत्या तर गोरखला बरं वाटलं असतं.

गोरखचा धंदा काठावरच्या तंबूंचा. पाहुणे शेगडीभोवती बसले की आग्रह करायला हाही बसायचा, आणि आग्रह करता करता त्यांच्यापेक्षा जास्त जेवायचा. शेवटी कामशेतच्या डॉक्टरनं वजन बघितलं, कपाळाला हात लावला आणि मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. जेवायच्या आधी ताटाचा फोटो पाठवायचा, काय जास्त नि काय कमी ते ॲप सांगणार. शिवाय पुण्याची चैताली नावाची आहारतज्ज्ञ दर आठवड्याला फोन करणार.

इथंच घोळ झाला. भरल्या ताटावर कुणाची नजर पडू देऊ नये, ही या घरची शिकवण. मग तो काचेचा काळा डोळा आपल्या ताटावर कसा रोखायचा? तिकडं पुण्यात कोण कोण बघत असेल, काय नेम! गोरखनं डोकं लढवलं. बायको अनिता रोज देवीपुढं नैवेद्याचं लहानसं पान वाढायची. भाताची मूद, चमचाभर वरण, जराशी भाजी, चतकोर भाकरी. देवीला कुणाची दृष्ट लागणार? त्यानं त्या पानाचा फोटो धाडला. घरात शिजतं ते एकच, फोटो ह्या पानाचा काय नि त्या ताटाचा काय, असं त्यानं मनाला समजावलं. ॲप खूश झालं, रोज शाबासकी देऊ लागलं. वजनकाटा मात्र जागचा हलेना. चैताली बिचारी बुचकळ्यात पडली आणि तिनं रक्त तपासायला सांगितलं.

श्रावणातली दुपार होती. भरपेट जेवून गोरख तंबूच्या तोंडाशी आडवा झाला, आणि धरणावरचं धुकं हळूहळू आत येऊन त्याच्या अंगावर बसलं. बघतो तर काय, तो गड चढतोय, हातात दिवा, अंग कापसासारखं हलकं. शेवटच्या पायऱ्यांवर देवी बसलेली. गाल बसलेले, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या, हातात गोरखचाच मोबाईल.

"तुझ्या नावावर मी जेवते बाबा," ती म्हणाली. "उतरले ती मी. तू कसा उतरशील?"

तिनं उठायला हात पुढं केला. गोरखनं तिला ओढायला जोर लावला, त्याला धाप लागली आणि त्या धापेनं दिवा विझला.

जागा झाला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. लाजही वाटली आणि भीतीही. संध्याकाळी त्यानं स्वतःचं ताट पुढ्यात घेतलं, भाताच्या डोंगरासकट. अनितानं हसत हसत त्या ताटावरून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. मगच फोटो गेला.

सगळं ऐकून चैताली आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, भात सोडू नका, पण भाजी आधी खा, भाकरी मग, भात शेवटी. आणि पाहुण्यांबरोबर नुसतं बसा, जेवण घरी. गोरखला ते लय जड गेलं. शेगडीवरचा वास आला की जीव कासावीस व्हायचा. रोज सकाळी धुक्यातून तो धरणाच्या कडेकडेनं चालायचा, जणू गाव झोपेतच त्याच्याबरोबर चालतंय.

घटस्थापनेला गड सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरला होता. गोरख बारीक झाला होता असं कुणी म्हणालं नसतं. तो थांबत थांबत चढला. शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर बसला, तेव्हा मागून भिमाजीनं हात पुढं केला.

"बसू दे जरा," गोरख म्हणाला. "दिवा न्हाई द्यायचा."

आणि तो उठला.

तिन्हीसांजेला दिवा देवीपुढं ठेवला तेव्हा त्या उजेडात तिचे गाल भरल्यासारखे दिसले. मागून चढून आलेल्या अनितानं नैवेद्य दाखवला आणि तेच पान प्रसाद म्हणून गोरखपुढं ठेवलं. त्यानं सवयीनं मोबाईल काढला, पण वर रेंज नव्हती. तो सावकाश जेवला, भात शेवटी.

खाली पायथ्याशी आबा काठी टेकून वाट बघत बसले होते. वरचा दिवा त्यांना दिसला होता. काय जेवलास, असं त्यांनी विचारलं, आणि गोरखनं सांगितलं, देवीचं पान.

"एवढ्यानं भागतंय व्हय तुझं?"

"भागतंय, आबा."

आबांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या आधारानं ते घराकडं चालू लागले.