लाडकुंवरबाईंचं पारणं

लाडकुंवरबाईंचा अठाईचा उपवास पार पडला. आठ दिवस बाईंच्या पोटात उकळलेल्या पाण्याखेरीज काही गेलं नाही. विचारपूस करायला आलेल्यांनी मात्र त्यांच्या नवऱ्याचं, भिकमचंदशेठचं, निम्मं किराणा दुकान फस्त केलं. पारण्याच्या सकाळी मेहरूणच्या त्यांच्या बंगल्यात एवढी गर्दी, की मुंग्यांनासुद्धा रांग लावावी लागली.

त्या गर्दीत वरच्या खोलीला लावलेली कडी कुणाला दिसली नाही. आत विधी होती, सहा वर्षांची नात. जन्मली तेव्हा इतकी लुळी, की दूध ओढायचंही बळ नव्हतं. तिसऱ्या वर्षी भूक लागली ती थांबेचना. कच्चे बटाटे, कुत्र्याची भाकरी, देवापुढचे तांदूळ, काही सुटलं नाही. उपाशी राहणं पुण्य मानणाऱ्या घरात पोरीची भूक पाप ठरली, आणि ते पाप आईच्या माथी आलं. सुनेच्या, चेलनाच्या माहेरचं रक्तच नासकं, असं लाडकुंवरबाई येईल त्याला सांगत. स्वयंपाकाच्या कमलबाई एकदाच बोलल्या, "बठ्ठा घरमा एकच पोर शे, अनि तिलेच कडी." दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला नवी बाई होती.

चेलना पोरीला घेऊन पुण्याला गेली. रिपोर्ट आला: प्रॅडर-विली, पोट भरल्याचं कधी कळतच नाही असा जन्मजात आजार. पंधराव्या गुणसूत्राचा इवलासा तुकडा गळालेला, तोही बापाकडून आलेल्या प्रतीतला. नवऱ्यानं, अखिलनं, तो वाचला, घडी घातली आणि आईला सांगू नकोस म्हणाला. महिन्याभरात त्यानं धुळ्याच्या हितेंद्रशेठच्या मुलीच्या स्थळाला होकार कळवला. चेलनानं राजीखुशीनं सोडचिठ्ठी द्यायची, पोरीला घेऊन माहेरी जायचं, असं ठरलं. ठरवताना तिला कुणी विचारलं नाही.

पहिला घोट सुनेच्या हातचा, ही घराची रीत. सूनच पाजते म्हटल्यावर राजीखुशीही सिद्ध होणार, म्हणून हितेंद्रशेठना मुद्दाम पुढे बसवलेलं. चेलना मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन आली. चमचा सासूच्या ओठांपाशी नेला आणि तिथंच थांबवला.

"मम्मीजी, आठ दिवसांची भूक कशी असते?"

"आतडी पिळवटतात गं. दे आता."

"विधीला रोज तसंच होतं. जेवून उठल्यावरसुद्धा."

मग तिनं कमरेला खोचलेला रिपोर्ट काढून हितेंद्रशेठच्या मांडीवर ठेवला आणि बापाच्या प्रतीची ओळ बोटानं दाखवली. हितेंद्रशेठनी अखिलला खरं-खोटं विचारलं. अखिल सतरंजीचे धागे मोजू लागला. अजून मोजतोय म्हणतात. हितेंद्रशेठ उठले. त्यांच्या गाडीनं उडवलेली धूळ पारोळ्यापर्यंत खाली बसली नाही.

चमचा तिथंच होता. लाडकुंवरबाईंनी मान पुढे केली.

"आता सांगा, दोष कुणाच्या रक्ताचा?"

"आमच्या."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"आमच्या रक्ताचा. दे ना गं."

"खोटं आहे," चेलना म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, दोष कुणाचाच नसतो. तुकडा आपला आपण गळतो. हे वाक्य सहा वर्षांत मला एकानं जरी ऐकवलं असतं, तर आज तुम्हालाही लगेच ऐकवलं असतं."

तिनं चमच्यासकट वाटी सासूच्या हातात दिली आणि पोरीला खाली आणायला जिना चढू लागली. लाडकुंवरबाईंनी चमचा बाजूला सारला, दोन्ही हातांनी वाटी तोंडाला लावली. हनुवटीवरून पाणी ओघळलं, भरजरी साडी भिजली. वाटीचा तळ त्यांनी बोटानं पुसून चाटला. शंभर माणसं बघत होती. त्यांतलं एकही त्यांना हावरट म्हणालं नाही.