नरसय्याचा शेवटचा पॅच

"सर, त्यो पॅच आत कवा घेताय? चादरीवरच्या मोराच्या मानंत अजून रेघ येतीया. गिऱ्हाईक चादरी परत करायलंय की."

फोन राहत नावाच्या विणकराचा होता. अक्कलकोट रोडला त्याचे चार माग.

"चाचणी बाकी हाय रे," शिवकुमारने सांगितले. राहतला हे उत्तर आता पाठ झाले होते.

चादरीच्या नक्षीचे चित्र मागाला समजेल असे करून देणारा प्रोग्रॅम शिवकुमार आणि नरसय्याने मिळून लिहिला आणि नेटवर फुकट ठेवला. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. ती दुरुस्ती, म्हणजे पॅच, आत घ्यायचे काम शिवकुमारचे; नियम मात्र नरसय्याचा. कापडावर उतरल्याशिवाय काही आत घ्यायचे नाही. तो घरच्या मागावर हातभर टॉवेल विणायचा, रद्दी पेपरात गुंडाळून स्कूटरवरून आणायचा आणि म्हणायचा, "हे बघ. स्क्रीनवर कुनीबी शाना असतंय." मग शिवकुमार पॅच घ्यायचा आणि खाली लिहायचा, 'घेतले. पुढचे पाठव.' समोर बसलेल्या माणसाला हे लिहून कळवायची काय गरज होती, देव जाणे. पण दोघांनाही त्यात भारी मजा वाटायची.

दिवाळीनंतर नरसय्या गेला. पोरांनी माग भंगारात काढला. रेघ घालवणारा त्याचा प्रायोगिक पॅच तेवढा यादीत उरला. 'नरसय्या यांनी बदल सुचवला आहे' असे स्क्रीनवर रोज दिसायचे. शिवकुमारची बायको आधीच गेलेली; घरात त्याची वाट पाहणारे तेवढेच होते. राहतच्या मागावर चाचणी कधीच झाली असती. शिवकुमारने त्याला विचारलेच नाही.

शुक्रवारी नमाज आटोपून राहत थेट घरी आला. हातात पेपरात गुंडाळलेले काहीतरी होते. शिवकुमारने ते घेऊन पेपर सोडला.

"तुमी सांगंना, म्हून मीच पॅच उतरवून घेतला आन् मागाला लावला. रागवू नका, सर."

टॉवेलावरचा मोर स्वच्छ होता. मानेत रेघ नव्हती. एखादा तरी धागा चुकलेला निघावा म्हणून शिवकुमारने टॉवेल उलटासुलटा केला, खिडकीशी नेऊन धरला. काही निघाले नाही. आपण मित्राच्या कामात खोट शोधतोय, हे लक्षात येऊन त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आता काय बाकी हाय, सर?"

"काय न्हाई."

त्याने खुर्ची ओढली आणि पॅच आत घेतला. यादी रिकामी झाली. नरसय्याचे नाव स्क्रीनवरून गेले. बोटांनी सवयीने खाली लिहिले, 'घेतले. पुढचे पाठव.'

राहत मागे उभा राहून वाचत होता. "हे कुनाला, सर?"

शिवकुमारने शेवटचे दोन शब्द खोडायला हात नेला. मग चष्मा काढून त्या नव्या टॉवेलानेच पुसत बसला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "च्या घेणार का?"