अक्का इंदूरला गेलीच नाही

शशिकलाबाईंना माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला होता आणि कडा तेवढ्या शाबूत होत्या. त्यामुळे समोर बसलेल्याच्या तोंडाच्या जागी एक करडा ढग, आणि आजूबाजूला कान, खांदा, खिडकीचे गज असं काहीबाही उरत असे. ब्याऐंशीव्या वर्षी तेवढ्यावर भागत होतं. भाकरी थापता येई, तुळशीला पाणी घालता येई, शेजारच्या सुधाशी भांडता येई. फक्त अक्षर गेलं होतं, आणि अक्षरावरच तर त्यांनी चौतीस वर्षं पोट भरलं होतं.

छप्पन साली कचेऱ्या नागपुराहून भोपाळला आल्या तेव्हा वडिलांच्या फायलींबरोबर तेरा वर्षांची शशीही आली. पुढे ती सरकारी छापखान्यात प्रूफं तपासायला लागली. तिथे काम जोडीने चाले. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. त्याला कॉपी होल्डर म्हणत. दुसऱ्याने छापील कागदावर पेन्सिल धरून बसायचं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडून मजकूर ऐकून शशिकलाबाईंचा कान असा तयार झाला होता, की वाचणारा कागदावरचं वाचतोय की पदरचं घालतोय हे त्यांना लगेच कळे. वाचणारा ओळीच्या टोकाला किंचित अडतो. पदरचं घालणारा अडत नाही. तो घाईने पुढे जातो.

असो. तर अबोलीची कादंबरी आली.

अबोली म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, नागपूरला असते. लहानपणी गोष्टी लिहून मावशीकडे धाडायची आणि मावशी लाल शाईने त्या रंगवून परत पाठवायची. आता पन्नाशीला आल्यावर तिने खरोखरची चारशे बारा पानांची कादंबरी लिहिली होती. नाव ‘घटिकामंडळ’. नर्मदेकाठच्या एका जुन्या देवळाखाली भुयार, भुयारात पाण्यावर चालणारं घड्याळ, आणि त्याच्यापाशी काही शतकांपूर्वीचा ताम्रपट. त्यावर असं एक गणित, जे एका मठाला दडवायचं आहे आणि एका प्रयोगशाळेला पळवायचं आहे. दोघांपासून ते राखणारी सात माणसांची गुप्त मंडळी. पहिल्या पन्नास पानांतच दोन खून.

“मावशी, महिन्याभराने भोपाळच्या मराठी मंडळात कार्यक्रम ठेवलाय,” अबोली फोनवर म्हणाली. “पुस्तकावर तू दहा मिनिटं बोल.”

“अगं, मला दिसत नाही.”

“ऐकू येतं ना? मग ऐक. पण बोलायचं तूच.”

शशिकलाबाई म्हणाल्या, “न तपासलेल्या कागदावर मी कधी सही केली नाही. शेवटच्या पानापर्यंत ऐकून झालं तर बोलेन. नाही झालं तर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवेन.”

आता वाचणार कोण? सकाळी सुधा वाचेल असं ठरलं. सुधा शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, भिंतीला भिंत लागून राहणारी. संध्याकाळी दिगंबरराव. ते शशिकलाबाईंच्या यजमानांचे कचेरीतले जुने सहकारी. आता तुळशीनगरात मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत आणि हौसेने लोकांकडे सत्यनारायण सांगत. दिगंबररावांनी आदल्या संध्याकाळी कुठे खूण ठेवली आहे ते पाहून सुधाने पुढचं प्रकरण घ्यायचं, आणि संध्याकाळी त्यांनी त्याच्या पुढचं. या दोघांचं आपसांत कधी पटलं नव्हतं. ग्रहणात जेवावं की नाही यावरून एकदा शशिकलाबाईंच्या ओट्यावर सव्वा तास वाद झाला होता, आणि तोवर ग्रहण सुटून गेलं होतं.

वाचन सुरू झालं. अशोका गार्डनातल्या त्या घराजवळून रेल्वेगाडी गेली की वाचणाऱ्याला थांबावं लागे, शिट्टी विरली की पुन्हा सुरू. आठवड्याभरात शशिकलाबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. दिगंबररावांच्या पाळीत मठाधिपती जरा कमी खोटं बोलत, आणि सुधाच्या पाळीत प्रयोगशाळेतल्या डॉक्टरसाहेबांच्या हातून चोरी न होता नुसती चूक होई. दोघंही आपापल्या माणसाला सावरून घेत होते. मठाधिपतींच्या पापाची जागा आली की दिगंबररावांचं ओळीच्या टोकाला अडणं बंद होई. शशिकलाबाई मनाशी हसत आणि मनातल्या मनात पेन्सिलीने खूण करत. एवढं चालायचं.

कथेत त्यांना सगळ्यांत आवडली होती अक्का. सात जणांतली एक, म्हातारी आणि आंधळी. तांब्याचं भोक पाडलेलं वाटगं पाण्यावर ठेवलं की ते भरत भरत बुडतं. त्या बुडण्याच्या आवाजावर ती वेळ मोजायची. तिची जागा आली की शशिकलाबाई खुर्चीत सरळ होऊन बसत.

एकतिसावं प्रकरण दिगंबररावांकडे आलं. भुयाराचं दार बाहेरून लावलं गेलं, नदीचं पाणी आत शिरलं, आत अक्का एकटी. आणि मग दिगंबररावांनी पान उलटलं, चष्मा पुसला, आणि घाईघाईने म्हणाले की तेवढ्यात मागच्या वाटेने अक्काची मुलगी आली आणि तिला इंदूरला घेऊन गेली.

“इंदूरला?” शशिकलाबाईंनी विचारलं.

“हो. मोठं घर आहे म्हणे तिथे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाने बत्तिसावं घेतलं. त्यात कुठलासा डॉक्टर आला, त्याने अक्काला सलाईन लावलं, आणि दोन दिवसांत अक्का हॉस्पिटलातून चालत घरी गेली. सुधाही ओळीच्या टोकाला एकदाही अडली नाही.

सुधा गेल्यावर शशिकलाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. मठाधिपतीचं पाप कमीजास्त झालं तर निभावलं असतं. पण अक्का इंदूरलाही होती आणि हॉस्पिटलातही होती, म्हणजे खरं तर कुठेच नव्हती. आणि ते ठाऊक नसताना भरल्या सभेत या पुस्तकावर बोलणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही. अबोलीला फोन करून नकार द्यावा असंही त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी फोन केला, तो दिगंबररावांना. चार वाजता या म्हणाल्या. सुधाला भिंतीवरून हाक मारली.

दोघं आले. शशिकलाबाईंनी मीठ घातलेला भोपाळी चहा पुढे ठेवला. सुधाला तो आवडत नसे, पण आज ती निमूट प्यायली.

“दिगंबरराव, अक्का कुठे आहे?”

“कोण, ती घटिकामंडळातली? ती तर इंदूरला. लेकीकडे.”

“लेक?” सुधाचा कप बशीवर वाजला. “तिला लेक कुठून आली?”

“का? नसावी का बिचारीला लेक?”

“पुस्तकात नाहीये.”

“पुस्तकात तुमचं सलाईन तरी कुठे आहे, बाई? वहिनी मघाशी मला फोनवर सांगत होत्या. मी गप्प बसलो.”

“मग मीही आता गप्प बसते.”

“बसा की. गप्प बसायला कुठे विज्ञान लागतं?”

शशिकलाबाईंनी दोघांचं थोडा वेळ चालू दिलं. मग म्हणाल्या, “मेली ना ती?”

गाडी गेली. शिट्टी विरली.

अखेर दिगंबरराव म्हणाले, “वहिनी, पान उलटलं आणि पुढचं दिसलं. आंधळी बाई, एकटी. पाणी चढतंय, हाका मारतेय, कुणी येत नाही. समोर तुम्ही बसलेल्या. माझ्या जिभेवर आलंच नाही ते.”

“आणि तुझं, सुधा?”

“मी अख्खं पुस्तक आधीच घरी वाचून काढलंय, काकू. यांनी तिला इंदूरला धाडलंय हे मला काय ठाऊक? एकतिसाव्यात पाणी गळ्यापर्यंतच येतं. तिथून तिला वाचवता येत होतं. म्हणून वाचवली.”

शशिकलाबाईंना ढगांच्या कडांना दोन कान दिसत होते, दिगंबररावांचा लांब पाळीचा आणि सुधाचा खडा घातलेला. ग्रहणावर, पंचांगावर, नवसावर, कशावरही ज्यांचं एकमत होत नाही, त्या दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एकाच म्हातारीला मरू द्यायचं नाकारलं होतं. तेही तिच्यासाठी नाही, समोर बसलेल्या दुसऱ्या म्हातारीसाठी. इतकी वर्षं या गावात कुणी ना कुणी असंच येऊन बसलं होतं. नागपूरहून आल्यावर शिवाजीनगरातल्या पहिल्या थंडीत रजई आणून देणारी शेजारीण होती, नोकरीच्या पहिल्या दिवशी छापखान्यापर्यंत सायकलीवर पोहोचवणारे वडिलांचे मित्र होते. बहुतेकांचे आभार मानायचे राहूनच गेले.

“तुमचे उपकार आहेत माझ्यावर,” त्या म्हणाल्या. “लाजू नका, खरंच सांगते. पण एक ऐका. छापखान्यात शांताराम म्हणून माझा कॉपी होल्डर होता. एकदा कामावर असताना वारलेल्या कर्मचाऱ्यांची यादी वाचत होता. मधेच त्याच्या सख्ख्या भावाचं नाव आलं. भाऊ जाऊन महिना झाला होता, पण छापील कागदावर नाव पहिल्यांदाच येत होतं. शांतारामने नाव वाचलं, स्वल्पविराम म्हटलं, हुद्दा वाचला, पूर्णविराम म्हटलं. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला. मी विचारलं, वगळून पुढे का नाही गेलास? म्हणाला, ताई, मी वगळलं असतं तर त्याचं नाव चुकीचं छापलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं.”

दिगंबरराव हळूच म्हणाले, “मग वाचायचं?”

“दोघांनी. एक पान तुम्ही, एक पान सुधाने. मठाधिपतींना आणि डॉक्टरसाहेबांनाही आज सवलत नाही.”

त्यांनी वाचलं. दिगंबररावांनी पाण्याचं पान वाचलं, जागोजागी अडत. सुधाने हाकांचं पान वाचलं. अक्काने सहाही जणांना नाव घेऊन हाक मारली. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कुणी तिच्यापाशी असेल. मग तिने हाका थांबवल्या आणि वाटगं पाण्यावर ठेवलं. सुधाने वाचलं: अक्का दिव्याकडे बघत राहिली.

“थांब,” शशिकलाबाई म्हणाल्या. “आंधळी बाई दिव्याकडे कशी बघेल? अबोलीची चूक आहे. खूण कर तिथे.”

सुधाने खूण केली नाही. म्हणाली, “तुम्ही बघता, काकू.”

“मी?”

“लावलेला असला की रोज. मी आले तरी तोंड त्याच्याचकडे असतं.”

“खरंय वहिनी,” दिगंबरराव म्हणाले. “मला वाटायचं, तुम्हाला माझं तोंड बघायचं नसतं.”

शशिकलाबाईंना हे ठाऊक नव्हतं. “मग राहू दे,” त्या म्हणाल्या. “वाच पुढे.”

उरलेली प्रकरणं तीन दिवसांत झाली, आणि मागची आठ-दहा पानं, जिथे सवलत दिली गेली होती, तीही पुन्हा वाचून झाली. मठाधिपती पुरते खोटारडे निघाले, डॉक्टरसाहेब पुरते चोर. दोन्ही वाचकांनी आपापल्या माणसाची फजिती स्वतःच्या तोंडाने वाचली आणि दुसऱ्याच्या माणसाच्या फजितीला मनापासून दाद दिली.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये शशिकलाबाई दहाऐवजी बावीस मिनिटं बोलल्या. कागद हातात नव्हता, पण प्रकरणांचे आकडे, भुयाराच्या पायऱ्या, सातही जणांची नावं, सगळं बरोबर होतं. चार चुका काढल्या; अबोलीने त्या पहिल्या रांगेत बसून लिहून घेतल्या. शेवटी त्यांनी सांगितलं की या पुस्तकाच्या आणखी दोन आवृत्त्या आहेत, छापलेल्या नाहीत, फक्त त्यांनी ऐकलेल्या. एकीत अक्का इंदूरला राहते, दुसरीत तिला सलाईन लागतं. लोक हसले. “त्या आवृत्त्यांचे लेखक तिसऱ्या रांगेत बसलेत,” त्या म्हणाल्या. “मी इथे उभी आहे ती त्यांच्यामुळे. उभे राहा दोघंही, लोकांना बघू दे.”

दोघं उभे राहिले. एवढ्या लांबून शशिकलाबाईंना त्यांचे कानसुद्धा दिसले नाहीत, पण खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

परतताना तिघं एका रिक्षात बसले. शशिकलाबाई मध्ये.

“खरं सांगा काकू,” सुधा म्हणाली, “वाईट नाही ना वाटलं, अक्काचं?”

“वाटलं की. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हटलं, माझं कसं होईल कोण जाणे.”

“बघा,” दिगंबरराव म्हणाले. “मी म्हणत नव्हतो? इंदूरच बरं होतं.”

“नाही हो,” शशिकलाबाई म्हणाल्या, आणि अंदाजाने दोन्हीकडचा एकेक हात धरला. “रडू आलं तेव्हा तुम्ही दोघं समोर होतात. आता पुढचं पुस्तक कुठलं घ्यायचं ते सांगा.”

त्यावरून त्या दोघांचं जुंपलं, ते घर येईपर्यंत.