पोटावर टाका नाही

काळाचौकीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराजांनी दोन स्कॅन दिव्यासमोर धरले. "ही पोटातली मोठी रक्तवाहिनी. फुगून फुटलेली. फुगा साडेसात सेंटीमीटर. वर्षाने बघा, पाच. सुरी नाही, कात्री नाही, फक्त अंगारा." मग त्यांनी शेजारच्या माणसाचा सदरा वर केला. "दाखवा एक तरी टाका."

लोकांनी हात जोडले. मी नाही जोडले. तो माणूस, सीताराम, माझे वडील होते, आमचे अण्णा.

शेजारच्या कौसल्यामावशी कानाशी म्हणाल्या, "रुपाली, आमच्या ह्यांनाही असाच फुगा आहे गं. सोमवारचं ऑपरेशन रद्द करते."

मी उठून पुढे गेले. "महाराज, दुसऱ्या स्कॅनमध्ये फुग्याच्या आत जाळी चकाकतेय, ती कसली?"

"देवीचं कवच, बाळ. श्रद्धेच्या डोळ्यांनाच दिसतं."

"मला साध्या डोळ्यांनी दिसतंय. धातूची जाळी असलेली नळी आहे ती. फुटल्या दिवशी डॉक्टर इरावतींनी जांघेतल्या रक्तवाहिनीतून आत सरकवली, म्हणून पोटावर टाका नाही. रक्त आता नळीतून जातं. फुग्यावर दाब पडत नाही, म्हणून तो आकसला. अण्णा, जांघेत खूण आहे ना? सांगा यांना."

अण्णांनी मान खाली घातली. "आहे," ते पुटपुटले. "बँकेतली नोकरी संपल्यापासून मला कोण विचारत होतं गं? इथं लोक पाया पडतात."

फुगा फुटला त्या दिवशी ॲम्ब्युलन्समध्ये त्यांचा गार पडलेला हात मी धरून बसले होते. ते सगळं त्यांनी लोकांपुढे सदरा वर करण्यासाठी पुसून टाकलं. यंदाची तपासणी महाराजांच्या शब्दावर चुकवली, आणि मला सांगितलं, जाऊन आलो; हेही त्यांनी तिथेच कबूल केलं.

"मग सोमवारी नेऊ ना ह्यांना?" मावशींनी विचारलं.

"न्या."

अण्णांनाही मी हॉस्पिटलात नेलं. नव्या स्कॅनमध्ये फुगा आणखी लहान झाला होता. पण त्याच्या वरचा, नळीला धरून ठेवणारा रक्तवाहिनीचा भाग रुंदावत होता. "असं होऊ शकतं, म्हणून तर दरवर्षी या म्हणते," डॉक्टर म्हणाल्या. "अजून उशीर केला असतात तर नळी सरकली असती." पुन्हा ऑपरेशन ठरलं. अण्णांनी सही केली आणि माझ्याकडे हात पुढे केला. तो मी धरला, पण माफ केलं असं नाही म्हणू शकत.

कुणी बरं झालेला माणूस दाखवला तर नमस्काराआधी एवढंच विचारा: उपचार काय झाले, आणि कुणी केले?