साठातली एक पिन

आधीच सांगतो, चूक माझी होती. दत्तारामची नाही, आणि देवाची तर अजिबात नाही. लोक विचारतात, काशीराम, तू एवढा कडक माणूस, तुझ्या हातून असं झालंच कसं? झालं. हात माझेच होते, आता काय तोडून टाकू?

घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर दत्तारामचं वर्कशॉप होतं. आम्ही दोघं एका गावचे, मालवणकडचे, आणि एकाच मिलमधले. संपात मिल गेली ती गेलीच. दीड वर्ष मी घरी बसून काढलं. मग दत्तारामने दोन लेथ घेतले आणि मला बोलावलं. हळूहळू आठ जण झालो, सगळे संपात उघड्यावर पडलेले. पुढे आम्हाला सरकारी विमान कारखान्याचं काम मिळालं. घाटावरचा मोठा कारखाना. तिथे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं बनायची, आणि त्यांच्या चाकाच्या पायात बसणारी करंगळीएवढी पोलादी पिन आम्ही करायचो. हसू नका. त्या पिनेवर चाक उघडतं नि मिटतं.

कारखान्याने माझी परीक्षा घेतली आणि मला ठसा दिला. पोलादी पंच, त्यावर सातचा आकडा. मी तपासलेल्या प्रत्येक पिनेच्या डोक्यावर मी तो ठोकायचो. सात दिसला की कारखान्यात ती पिन परत कोणी मोजत नसे. वीस वर्षं मिलमध्ये मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, आणि इथे माझ्या शब्दावर विमान उडत होतं. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू.

मोजायला एक गेज होतं, दोन तोंडांचं. 'गो' तोंडातून पिन सरकली पाहिजे, 'नो-गो' तोंडात शिरता कामा नये. शिरली तर पिन बारीक, टाका भंगारात. एवढं सोपं.

शहाऐंशीची खंडेनवमी आली. मिलमध्ये आम्ही मागाला, धोट्याला, तेलाच्या बुधलीलासुद्धा हळदकुंकू लावायचो. इथे लेथला लावलं, ड्रिलला लावलं, आणि गेज तेवढं पेटीत पडून राहिलं हे मला बघवेना. ज्याच्या जिवावर जेवतो त्यालाच वगळायचं? दत्ताराम म्हणालासुद्धा, "काश्या, त्याला नको रे लावू. कारखान्याचा नियम आहे."

"गप रे," मी म्हटलं. "देवधर्म तू मला शिकवू नको."

तेलात कालवलेलं हळदकुंकू मी बोटाने लावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुसलंही. त्या आठवड्यात साठ पिना झाल्या. मी तपासल्या, ठसा मारला, खोका रवाना झाला.

दिवाळीच्या साफसफाईत मी गेज रॉकेलमध्ये बुडवलं आणि रॉकेल पिवळं झालं.

हळद तर मी पुसली होती. मग त्याच आठवड्यातल्या, साठांखेरीज नमुन्याला ठेवलेल्या दोन पिना काढल्या आणि धुतलेल्या गेजच्या नो-गो तोंडाला लावल्या. सरळ आत गेल्या. दोन्ही. नो-गोच्या आत, जिथे फडकं पोचत नाही, तिथे हळदीचा पापुद्रा वाळून बसला होता. तोंड तेवढं अरुंद झालं होतं, त्यामुळे बारीक पिनाही बाहेर अडत होत्या आणि मी त्यांना पास करत होतो. मायक्रोमीटर लावला. दोन शतांश मिलिमीटर कमी. केसापेक्षा बारीक फरक, पण चाकाच्या पायात ती पिन खुळखुळणार, रोज थोडी थोडी झिजणार, आणि एक दिवस उतरताना तुटणार. मी तिथेच फरशीवर बसलो.

दत्तारामला सांगितलं. त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"कोणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू पण नको. पिना बारीक आहेत म्हणून कळवलं तर उद्या आपलं नाव यादीतून जाईल. आठ घरं आहेत, काश्या. परत संपाचे दिवस दाखवू त्यांना?"

"आणि कोण पोरगा मेला तर?"

"नाही मरणार. दोन शतांशाने कोण मरतं?"

"तुला माहीत आहे कोण मरतं ते."

त्याने शटर आणखी खाली ओढलं. मग हळूच म्हणाला, "ठसा तुझा आहे. माझा नाही." मला त्याची चीड आली, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

घरी बायकोला, मालनला, सांगितलं. मला वाटलं होतं, ती तरी म्हणेल, गप राहा. दीड वर्ष तिनेच दुसऱ्यांकडची धुणीभांडी करून घर ओढलं होतं. तिने भाकरी तव्यावरून काढली आणि म्हणाली, "त्या पोराची आवस खंय ऱ्हवता तां आपणाक म्हायत नाय. पण आसा ना? जावा नि सांगा." आई कुठली का असेना, आहे ना, एवढंच तिचं म्हणणं.

पोस्टातून कारखान्याला ट्रंक कॉल लावला. मला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. शेवटी मृणालिनीबाई म्हणून तपासणी खात्याच्या बाई लाइनवर आल्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. "तोंडी सांगून मला खोका थांबवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेटरहेडवर लिहून पाठवा. मालकाची सही हवी."

"मालक सही करणार नाही."

"मग तपासनीस म्हणून तुमची करा. ठशासकट. पण तुम्हाला कळतंय ना, पुढे काय होईल?"

"कळतंय, बाई."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दत्तारामच्या खणातून एक लेटरहेड काढलं. चोरलंच म्हणा. चार ओळी लिहिल्या, पिना बारीक आहेत, एकही वापरू नका. खाली सही केली. पंचाला शाई कुठली? कागद लाकडावर ठेवून हातोडी मारली. सात आरपार गेला, कागदाला सातच्या आकाराचं भोक पडलं. तसाच रजिस्टर केला.

पंधरा दिवसांनी तार आली. आमचं नाव यादीतून रद्द, ठसा परत करा. दत्तारामने तार सगळ्यांना वाचून दाखवली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. पोरं एकेक करून हात धुऊन निघून गेली. आमच्यातल्या लवूने जाताना लेथवर कापड टाकलं, मढं झाकावं तसं.

आठवड्याने खोका परत आला. दत्तारामने तो माझ्यापुढे सरकवला.

"मोज."

मोजल्या. एकोणसाठ. परत मोजल्या, खोका उलटा केला, गवत झटकलं. एकोणसाठच. तळाशी चिठ्ठी होती: एक नग जोडणीस गेला, पत्र पोचण्यापूर्वी विमान सुपूर्द. कोणत्या विमानात, त्याची नोंद सापडत नाही, शोध चालू आहे.

"आठ घरं बुडवलीस," दत्ताराम म्हणाला. त्याचा आवाज चढलासुद्धा नाही. "आणि ती एक राहिलीच."

मी मृणालिनीबाईंना दर महिन्याला पत्र टाकतो. त्यांचं उत्तर येतं, नेहमी एकच, शोध चालू आहे. मी आता पवईला एका ठिकाणी वॉचमन आहे. आमच्या चाळीवरून सांताक्रूझला उतरणारी विमानं जातात, खूप खाली येतात. ती मोठी, परदेशी बनावटीची, त्यांत आमची पिन नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी आवाज आला की मी हातातलं ताट खाली ठेवून बाहेर येतो आणि चाकं दिसेपर्यंत उभा राहतो. मालन आत बोलवत नाही. तीही येऊन शेजारी उभी राहते.