राखेनं घासलेलं मनगट

शेडमध्ये सकाळपासून वाळ्याच्या मुळ्या धुण्याचं काम चाललं होतं. वासुदेवरावांची ही शेड कानडी मुलुखात, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे. दुकान मात्र शिवाजीनगरात, तीन पिढ्यांचं. तांब्याच्या हंड्यात मुळ्या उकळत होत्या, नळीतून थेंब थेंब तेल बाटलीत उतरत होतं आणि सून शुभदा कोपऱ्यात बसून मुळ्यांतली माती झटकत होती. नेहमीचाच दिवस. फक्त शुभदाचा चेहरा आज फार शांत होता, आणि तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

तेल कधी पुरं उतरलं, हे या घरात एकाच माणसाला कळायचं. वासुदेवरावांना नव्हे, त्यांचं नाक तपकिरीनं कधीच कामातून गेलेलं. बाहेर सगळे म्हणत, त्यांचा मुलगा गिरीधर मोठा जाणकार. खरं म्हणजे गिरीधर बायकोच्या मनगटाला थेंब लावायचा, तासभर थांबायचा आणि ती सांगेल ते बाहेर जाऊन सांगायचा. वाळ्याचं तेल मोठं लबाड. कापसावर हुंगा, केव्हाही गोडच वाटेल. अंगाच्या उबेत तासभर राहिलं की मग ते खरं बोलतं. कच्चं असेल तर कच्च्या बटाट्याचा वास मारतं, पुरं उतरलं असेल तर ओल्या मातीचा.

सहा वर्षांपूर्वी गिरीधर गेला. विधवेनं अंगाला सुगंध लावायचा नाही, हा घरचा नियम. अत्तर विकून ज्यांनी बंगला बांधला, त्यांचा हा नियम! हसू नका; तुमच्याआमच्या हळदीकुंकवात वेगळं काय होतं? पण शुभदावाचून तर भागत नव्हतं. मग सोय काढली. चिमट्यात कापूस धरून तिच्यासमोर करायचा आणि तिनं लांबूनच हुंगून सांगायचं. ती बिचारी पाच वर्षं पदराआड मनगटाला थेंब लावून खरं काय ते सांगत राहिली.

गेल्या वर्षी हंगामाच्या पहिल्या तेलाची पूजा होती. सुवासिनींच्या हाताला तेल लावणं चाललं होतं, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "अगंबाई, हिच्याही अंगाला वास येतोय की!" वासुदेवराव ओरडले नाहीत. त्यांची थोरली बहीण लक्ष्मीदेवी, स्वतः विधवा, त्यांच्याकडेच राहायची. तिला ते एवढंच म्हणाले, "अक्का, हिचं मनगट घास." लक्ष्मीदेवीआत्यांनी वीस बायकांसमोर राख आणि काथ्या घेऊन शुभदाचं मनगट घासलं. रक्त आलं तेव्हा थांबल्या.

शुभदा त्या दिवशी रडली नाही. तिनं वर्षभर वाट पाहिली.

"शुभदा, झालं का बघ. आजच्या पूजेला बायका जमल्यात, स्मिताबाई पण आल्यात." वासुदेवरावांनी चिमटा पुढे केला. स्मिता पुण्याहून येऊन जे. पी. नगरात साबण-अत्तरांचा व्यवसाय करणारी बाई. वर्षाचं सगळं तेल तीच उचलायची. ती फिरली तर शेडला कुलूप लागणार.

शुभदानं हुंगलं. "कापसावर तर छान आहे, मामंजी."

"सरी, ठीक! विस्तव काढ रे, मंजुनाथ," त्यांनी गड्याला सांगितलं.

तिचं बोलणं खोटं नव्हतं. कापसापलीकडचं त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्यांचाच नियम तिनं तंतोतंत पाळला आणि मनातून सुखावली. हो, सुखावली. ज्याला हे वाईट वाटत असेल त्यानं आपलं मनगट एकदा काथ्यानं घासून पाहावं.

स्मितानं मनगटाला थेंब लावून घेतला. पूजा झाली, सुवासिनींच्या हाताला तेल लागलं, कॉफी फिरली. तासाभरानं स्मितानं मनगट नाकाशी नेलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, सॉरी, पण हे लास्ट इयरसारखं नाहीये. बटाट्याचा वास येतोय याला."

सुवासिनींनी आपापले हात हुंगले. एकीनं नाक मुरडलं, दुसरी पदराला हात पुसू लागली. वासुदेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आतापर्यंत टेस्ट कोण करायचं?" स्मितानं विचारलं.

"मीच," वासुदेवराव म्हणाले.

"मी," शुभदा म्हणाली. ती पुढे आली आणि मनगटावरचा वण तिनं स्मितासमोर धरला. "इथे लावून. यांनी ते घासून काढलं. आता कापूस सांगतो तेवढंच मी सांगते."

वासुदेवराव खालच्या आवाजात म्हणाले, "स्वल्प, जरा समजून घे, शुभदा. मुळ्या अजून हंड्यातच आहेत. पुन्हा विस्तव घालू. किती वेळ ठेवायचं तेवढं बघून सांग."

"बघते. तुमच्या हातानं लावा."

"काय?"

"थेंब. माझ्या मनगटाला. या सगळ्यांसमोर."

म्हाताऱ्यानं बायकांकडे पाहिलं, स्मिताकडे पाहिलं. मग बाटलीचं बूच काढलं. थेंब नेमका वणावर पडला.

सुवासिनींसाठी मांडलेल्या पाटावर शुभदा जाऊन बसली आणि तासभर उठली नाही. वासुदेवराव समोर उभेच होते. त्यांना बसा म्हणायचं कोणालाही सुचलं नाही. शेवटी तिनं मनगट हुंगलं आणि डोळे मिटले.

"कळलं?" त्यांनी घाईनं विचारलं.

"कळलं." ती उठली. "स्मिताबाई, तेल पारखायला माणूस हवं असेल तर मी येते तुमच्याकडे."

"आजच या," स्मिता म्हणाली.

"अगं, पण माझ्या तेलाचं काय? किती वेळ ठेवू?"

"कापसाला विचारा, मामंजी."

दारात लक्ष्मीदेवीआत्या उभ्या होत्या. आता पुन्हा राख, असं शुभदाला वाटलं. पण आत्यांच्या हातात तेलाची बाटली होती. त्यांनी मनगट पुढे केलं. त्यावर तसाच वण होता, चाळीस वर्षांपूर्वीचा.

"माझं माझ्या सासूनं घासलं होतं," त्या म्हणाल्या. "लाव."

"आत्या, हे कच्चं आहे."

"असू दे."

शुभदानं थेंब लावला. आत्यांनी मनगट नाकाशी धरलं ते धरलंच.

"अक्का, धुऊन टाक ते!" वासुदेवराव ओरडले.

अक्कांनी धुतलं नाही.