सहावर अडलेली रेघ

येनाला निघालाय ना तुम्ही? मग टेका इथं बाकावर. बोर्डाकडं बघा, तुमची गाडी पुन्हा उशिरा दाखवायला लागली. तोवर एक गोष्ट सांगतो. शेवटी तुमच्यापाशी एक छोटं काम आहे, पण ते आत्ता नाही सांगत. आधी सांगितलं तर पळाल.

शशिकांत तात्या म्हणजे आमच्या ओळखीच्या अहिल्याचे वडील. पंचगंगेकाठच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांची अख्खी नोकरी गेली. उसाचा रस आला की त्यात साखर किती, ते बघायचं. त्यासाठी एक मुठीत मावेल एवढी दुर्बीण असते. पुढच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडं धरायची, डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं आणि मधे एक रेघ. रेघ ज्या आकड्यावर थांबेल तेवढी साखर. रिटायर झाले तेव्हा कारखान्यानं तीच दुर्बीण हातात दिली. तात्यांनी ती देवघरात ठेवली होती म्हणा ना.

बायको गेली आणि अहिल्यानं त्यांना इकडं स्टुटगार्टला आणलं. पण इथं काय? सकाळी लेक ऑफिसला, जावई सत्यजित गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. तात्या खिडकीत. संध्याकाळी सगळे आले की विचारणार, "तात्या, जेवलात?" जेवलो. "तात्या, औषध घेतलं?" घेतलं. आयुष्यभर लोक ज्याला आकडा विचारायचे, त्याला आता कुणी एवढंच विचारायचं. माणूस आतून वाळतो हो. दिवाळी झाली की परतीचं तिकीट काढ म्हणून त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं. तिकडं तरी कोण होतं? पण निदान आपण कुणाच्या घरात आयतं बसलोय असं तरी वाटलं नसतं.

एकच काम होतं त्यांना. केअरवोखं. म्हणजे जिना झाडायची पाळी, बिल्डिंगमध्ये आठवड्याला एका घराची असते. तात्या झाडायचे, आणि तळमजल्यावरचे हेर फ्लायडरर (हेर म्हणजे इथलं 'श्रीयुत' हो) दारात उभे राहून बघायचे. म्हातारा तात्यांपेक्षा थोरला, भुवया झाडूसारख्या. पहिल्याच दिवशी त्यानं काठीनं कोपरा दाखवला, तिथं धूळ राहिली होती. अहिल्याला राग आला. तात्या म्हणाले, "अगं, चुकलं ते दाखवलं त्यानं. काम करणाऱ्याचीच चूक काढतात. बसणाऱ्याची कोण काढतंय?" तिथनं दोघांचं जमलं. भाषा एकाला दुसऱ्याची येत नव्हती, पण नडलं नाही.

या फ्लायडररअण्णांचा टेकडीवर बागेचा एक तुकडा होता. त्यात त्यांच्या वडलांनी लावलेली द्राक्षाची वेल. गुडघे गेले, चढण होईना, म्हणून बाग त्यांनी सत्यजितला देऊन टाकली. हिवाळा सरता सरता ते कायमचे येनाला जाणार होते, पोरीकडं. एकच अट घातली: या वर्षीच्या द्राक्षांची वाईन कर, ती मी बरोबर नेणार. शेवटची आहे.

सत्यजितनं इंटरनेटवर वाचून सगळं आणलं. मोठा काचेचा फुगा, म्हणजे रस आंबवायची गोल बरणी, यीस्ट, नळ्या, आणि साखर मोजायची काचेची तरंगती कांडी. द्राक्षं तुडवली, रस काढला, आणि कांडी धुताना नळावर आपटून तुकडे.

"झालं!" अहिल्या म्हणाली. "इंजिनिअर ना तुम्ही?"

"अगं, निसटली हातातनं."

"गाड्यांचे पार्ट पण असेच निसटतात का?"

तात्या उठून आत गेले. बॅगेत, भडंगाच्या डब्याखाली धोतरात गुंडाळलेली दुर्बीण घेऊन आले. रसाचा थेंब काचेवर, डोळा खिडकीकडं. "सतरा."

फ्लायडररअण्णा खुर्चीवर बसले होते. त्यांनी बोट रसात बुडवून चाटलं, डोळे मिटले. "झिबत्सिश," म्हणाले, म्हणजे सत्तर. इथं वाईनवाले वेगळ्या मापात मोजतात. सत्यजितनं फोनवर ताडून पाहिलं. तात्यांचे सतरा म्हणजे त्यांचे सत्तरच!

"गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, असं म्हातारा ओरडला आणि तात्यांच्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा खाली आला.

सत्यजित म्हणाला, "तात्या, आजपासून केलर, खालचं तळघर, तुमच्या ताब्यात. मी हातसुद्धा लावणार नाही."

आता बघा. तिकिटाचं नाव निघेना. तात्या रोज सकाळी अंघोळ करून, टोपी घालून तळघरात. फुगा बुडबुडतोय, तात्या थेंब काढतात, वर उजेडात येऊन डोळा लावतात. साखर यीस्ट खातं, त्याची दारू होते, तसा आकडा उतरतो. सतराचे चौदा, चौदाचे दहा, मग आठ. वर येऊन लेकीला सांगायचे, "आठवर आलं हो!" जशी नातवाची प्रगती सांगावी.

मग सहा. आणि सहालाच अडलं. बुडबुडे थांबले, पण रेघ हलेना.

तात्यांना झोप लागेना. कारखान्यात उसाच्या चोथ्यात साखर राहिली की साहेब सगळ्या लॅबला उभं करायचा. इथं तर सहा टक्के साखर तशीच! उपाशी मेलं वाटतं यीस्ट. त्यांनी फुग्याला शाल गुंडाळली. अहिल्याची गरम पाण्याची पिशवी लावली. तरी सहाच. सत्यजितला विचारावं, तर त्यानं भरवशानं काम सोपवलेलं. काय म्हणेल? म्हाताऱ्याला एवढंही जमलं नाही?

शेवटी त्यांना गूळ आठवला. आजारी बैल खाईना झाला की त्याला गुळाचा खडा दाखवतात, मग तोंड हलवतो. गावाकडनं आणलेली ढेप होती, काळपट, अस्सल. मोठा खडा फोडला, पाण्यात विरघळवला आणि दिला फुग्यात. दुसऱ्या दिवशी बुडबुड सुरू! तात्या खूश. आकडा आधी वर गेला, मग खाली येऊ लागला. आणि सातावर येऊन बसला.

सातावर! खाऊनपिऊन आधीपेक्षा जास्त? पुन्हा खडा. पुन्हा बुडबुड. आठ. जेवढं खाऊ घालावं, तेवढं ताटात उरतंय. ढेप संपत आली आणि फुग्यातला रंग चहासारखा झाला.

आता तुम्ही म्हणाल, अहो, एक घोट घेऊन बघायचा ना! तिथंच तर मेख आहे. लॅबच्या शेजारीच कारखान्याची दारूची भट्टी होती. तिथं पुष्कळ चांगली माणसं वाया गेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोनं, ऊर्मिलाकाकूंनी, तात्यांकडून वचन घेतलं होतं: जिभेला थेंब लावणार नाही. त्या गेल्या, पण वचन कुठं जातंय? तात्यांनी थेंब काचेला लावला, जिभेला नाही.

फेब्रुवारीत अण्णांच्या घरात सामानाची खोकी बांधून झाली. जायच्या आधीच्या रविवारी त्यांना वर जेवायला बोलावलं. अहिल्यानं पुरणपोळी केली होती. सत्यजितनं मोठ्या थाटात फुग्यातून जग भरून आणला आणि रंग बघून दारातच थबकला.

अण्णांनी ग्लास उजेडात धरला. हुंगला. एक घोट घेतला, तोंडात घोळवला. भुवया वर गेल्या त्या वरच राहिल्या. ग्लास टेबलावर ठेवला.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', म्हणाले. पुढचं ते हळू बोलले आणि अहिल्या मान खाली घालून ऐकत राहिली.

"काय म्हणतात गं?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही, तात्या."

"अहिल्या."

"म्हणतात, ही माझ्या बापाची वेल नाही. कुणीतरी यात साखर ओतलीय. नुसती कडक दारू झालीय, द्राक्ष लागतच नाही."

सत्यजितनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. तिथं रक्ताचा थेंब नव्हता. डब्यातली ढेप कुठं गेली, ते त्याला त्या क्षणी कळलं. तो पटकन जर्मनमध्ये म्हणाला, "मीच ओतली, हेर फ्लायडरर. घाई केली मी."

म्हाताऱ्यानं त्याला झाडला बघा! तुम्ही तरुण लोक, सगळं बटण दाबून हवं, वगैरे. जावई खाली मान घालून ऐकतोय. तात्यांना शब्द कळत नव्हते, पण कुणाच्या वाट्याची बोलणी कोण खातंय ते कळायला भाषा कशाला लागते?

ते उठून उभे राहिले. "अहिल्या, सांग त्यांना. जावईबापूंनी नाही, मी घातला गूळ. त्यांच्या वडलांची शेवटची वाईन मी घालवली. चूक माझी आहे, माझी मलाच राहू दे."

"तात्या, बसा हो तुम्ही," सत्यजित म्हणाला.

"नाही बसणार. सांग गं."

तिनं सांगितलं.  अण्णांनी विचारलं, मोजलं कशानं? तात्यांनी दुर्बीण पुढं केली. म्हाताऱ्यानं ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि हसायला लागला. हसता हसता खोकला आला, पाणी द्यावं लागलं.

"अरे बाबा," अहिल्या अण्णांचं एकेक वाक्य मराठीत सांगत गेली, "ही दुर्बीण रसापुरती खरी. एकदा दारू तयार झाली की ती उजेड वेगळा वाकवते. मग साखर संपली तरी रेघ वरच दिसते. सहाला यीस्ट अडलं नव्हतं, जेवून हात धुवून बसलं होतं! आणि तू वाढतच राहिलास. दारू वाढली, तशी रेघ वर. तिथं काचेची कांडीच लागते. पण ते जाऊ दे. एक घोट घेतला असतास तर कळलं असतं की गोड काही उरलंच नाही. का नाही घेतलास?"

तात्यांनी वचनाचं सांगितलं. अहिल्यानं ते जर्मनमध्ये सांगितलं. आईचं वचन तिलाही ठाऊक नव्हतं.

अण्णांनी ग्लास पुन्हा जवळ ओढला. मग पुरणपोळीचा तुकडा तोडून त्यांनी त्या ग्लासात बुडवला आणि खाल्ला. "हं. याच्याबरोबर चालतं," म्हणाले. चालत नव्हतं हो. तोंडावर दिसत होतं. पण खाल्लं.

मग पाकिटातून वेलीच्या छाटणीच्या कात्रीची किल्ली, म्हणजे ती कात्री ठेवायच्या पेटीची किल्ली, काढून तात्यांच्या हातावर ठेवली. सत्यजितच्या नाही, तात्यांच्या. "वेल मेलेली नाही अजून. या महिन्यात छाट. नीट कांडी विकत घे. आणि जीभ तुझ्याकडं नाही, तर माझी वापर. मी येनाला जातोय, मरायला नाही."

झाली की नाही पंचाईत? दिवाळीनंतरचं तिकीट आधीच राहिलं होतं, आता ते निघणारच कसं? वेल कोण छाटणार? तात्या वर्षभर टेकडी चढले. यंदा रस सत्तरच्या वर गेला. नवी कांडी आणली, तिला फडक्यात गुंडाळून ठेवतात, सत्यजितला शिवू देत नाहीत. कांडी म्हणते साखर संपली. सत्यजित चाखून म्हणतो झकास. तात्या म्हणतात, "जावईबापू, तुम्ही कोकाकोलातसुद्धा लिंबू पिळता, तुमच्या जिभेवर मी बाटल्या भरायचा नाही."

तर ते काम असं. ही घ्या तात्यांनी दिलेली पिशवी, आत यंदाच्या वाईनची छोटी बाटली आहे. उभीच धरा, आडवी करू नका, आणि बूच घट्ट दाबू नका, अजून थोडा गॅस असेल. अण्णांचा पत्ता आणि तात्यांचा फोन नंबर वर चिकटवलाय. म्हाताऱ्याला एक घोट घेऊ द्या, घाई करू नका, तोंडात घोळवायला वेळ लागतो त्याला. आणि काय म्हणतो ते तिथल्या तिथं तात्यांना फोन करून सांगा. तळघरात थांबलेत ते, बाटल्या धुऊन. सांगाल ना तेवढं?